शेपटीकडची सुई

माणसानं काय पाळावं याला आता काही धरबंध उरलेला नाही, हे माझं मत नाशिकच्या इंदिरानगरात दवाखाना टाकल्यापासून रोज थोडं थोडं पक्कं होत गेलं. त्याआधी अठरा वर्षं मी सरकारी नोकरीत होतो, त्यातली नऊ कळवण तालुक्यात. तिथं जनावर म्हणजे जनावर होतं. म्हैस अडली की माणूस बोलवायला यायचा, मी कोपरापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढायचो आणि नंतर ओट्यावर बसून गुळाचा चहा प्यायचो. ‘डॉक्टर, आमची गाय हल्ली उदास का असते?’ असं तिथं मला कुणी कधी विचारलं नाही.

इंदिरानगरात विचारतात. इथं पॉमेरियनला लोकरीचा स्वेटर घालून आणतात, तोही मालकिणीच्या शालीला मॅचिंग. बिस्किटं चारून चारून कुत्र्याचा ढोल करायचा आणि मग डॉक्टरकडे येऊन त्याला डाएट लिहून मागायचं. एका गृहस्थांनी तर पोपटाच्या वाढदिवसाचा केक मला आणून दिला होता. हौसेला मोल नाही म्हणतात, पण अक्कलही नसावी असं कुठं म्हटलंय? तरी सापाला सर्दी झाली म्हणून कुणी माझी पायरी चढेल असं २००४ च्या डिसेंबरपर्यंत मला वाटलं नव्हतं.

तो खंडेराव. द्वारका चौकात त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं, आठ-दहा ट्रक पळायचे. पन्नाशीचा आडवा गडी, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी आणि पायात पांढरे बूट. पांढरे बूट घालणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काय असतं ते सांगायला नको. त्याच्या मागून नऊवारीतली एक म्हातारी आत आली. तिनं पदराखाली एक कापडी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ही त्याची थोरली बहीण बयाबाई. खंडेरावची बायको वारून सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, म्हणून ही विधवा बहीण कळवणहून येऊन त्याचं घर सांभाळत होती.

"डॉक्टर, हिला सर्दी झालीय," खंडेराव म्हणाला.

"बाईंना असेल तर एमबीबीएसवाल्याकडे जा."

"तिला नाही हो. ठकूला."

बयाबाईनं पिशवीची नाडी सोडली आणि आतून मनगटाएवढं जाड, साडेतीन-चार फुटांचं एक वेटोळं टेबलावर ठेवलं. काळपट अंग, त्यावर सोनेरी ठिपके. अजगराची परदेशी जात. खंडेरावच्या ड्रायव्हरनं मुंबईहून आणून दिलेली. परदेशी आहे म्हणजे कायद्याची अडचण नाही असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे. मी दोन पावलं मागं सरलो आणि कपाटात हातमोजे शोधायला लागलो. हातमोजे टेबलावरच होते.

दुखणं मात्र आंधळ्यालाही कळावं असं होतं. ठकूनं मान उंच करून तोंड उघडं ठेवलं होतं. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती, नाकपुड्यांवर बुडबुडे येत होते आणि ओठाच्या कडेला चिकट लाळ साचली होती. तीन आठवडे तिनं काही खाल्लं नव्हतं.

"ठेवता कुठं हिला?" मी विचारलं.

"ऑफिसमध्ये. काचेची पेटी बनवून घेतलीय स्पेशल. पार्टी आली की एकदम छाप पडते."

"आणि एसी?"

"डोक्यावरच आहे ना," तो कौतुकानं म्हणाला. "नवीन बसवला."

धन्य! आपल्याकडे डिसेंबरात पहाटे लोक शेकोट्या करतात आणि हा बहाद्दर एका अजगराला एसीखाली बसवून गिऱ्हाइकांवर छाप पाडत होता. मी त्याला शाळेतल्या पोरासारखा झाडला. सापाला स्वतःचं अंग तापवता येत नाही, गारठा लागला की छाती भरते, एवढं तरी विचारून घ्यायचं होतं. साखळी विकत घेताना वजन बघितलंत ना? तो मान खाली घालून ऐकत होता. असं कुणी मुकाट्यानं ऐकून घेतलं की मला आणखी चढतं.

"म्या मंगळवारीच घरी उचलून आणली तिला," बयाबाई म्हणाली. "चुलीपाशी पेटीत ठेवली हाय. वरून बल्ब लावलाय. आन् दोन दिस ओव्याची धुरी दिली, तान्ह्या लेकराला देतो तशी."

मी हसलो. अगदी मोठ्यानं हसलो. बाहेर बसलेल्या लोकांनाही ऐकू जावं असा माझा बेतच होता.

"आजी, सापाला कामाचं फुप्फुस एकच असतं. एकच! त्यात आधीच पू झालेला, आणि तुम्ही वरून धूर कोंबलात? आता बारसंही करून टाका."

तिचा चेहरा उतरला. "मला काय ठावं? आता नाय देनार," ती म्हणाली.

हे मी इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे: त्यानंतर तिनं धुरी दिली नाही. मी रोज विचारत होतो आणि ती रोज गळ्यावर हात ठेवून शपथ घेत होती. आणि तो बल्ब, ती चुलीजवळची ऊब, हे अगदी बरोबर होतं. ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

उपचाराचं म्हणाल तर माझ्याकडे जेंटामायसिन होतं. कुत्र्यांना देतो, वासरांना देतो, छातीला चांगलं चालतं. सापांसाठी कॉलेजात आम्हाला दीड पान होतं आणि ते शिकवलं त्या दिवशी मी बहुधा मॅटिनीला गेलो होतो. पण हे खंडेरावला सांगायची गरज नव्हती. मी तराजूवर ठकूचं वजन केलं, म्हणजे बयाबाईनं तिला तराजूवर ठेवलं आणि मी लांबून काटा वाचला. कुत्र्याच्या हिशेबानं डोस काढला आणि ऐटीत सांगितलं, "रोज एक इंजेक्शन. सात दिवस. एकही चुकवायचं नाही."

पहिली सुई मी शेपटीकडे टोचली.

का, तर तोंड दुसऱ्या टोकाला होतं. कारण एवढंच. अठरा वर्षं मी लाथा झाडणाऱ्या रेड्यांच्या मागं उभा राहिलो, पण सापाचं तोंड माझ्या हाताच्या वीतभर जवळ आलं की मी हात मागं ओढायचो. ठकूला विष नव्हतं. तिनं आयुष्यात कुणाला चावलेलं नव्हतं. आजारानं ती इतकी गळाली होती की तिला मान धड वळवता येत नव्हती. तरी मी शेपटीकडेच उभा राहायचो.

बयाबाई रोज अकराच्या सुमाराला रिक्षानं यायची. ती आली की बाकावरच्या पॉमेरियनवाल्या बाया पाय वर घेऊन बसायच्या, आणि ही त्यांच्यामध्ये जागा करून मांडीवर पिशवी घेऊन शांत बसायची. आत आल्यावर ठकूचं डोकं तळहातावर घेऊन तिच्याशी पुटपुटायची. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "डाक्टर, रोज तिथंच टोचता, घट्टा पडलाय. आज वरल्या अंगाला टोचा ना. तोंड म्या धरते की. काय करत नाय ती."

"डॉक्टर मी की तुम्ही?" मी विचारलं.

मी शेपटीकडे टोचलं.

संध्याकाळी कधीमधी खंडेराव स्वतः येऊन चौकशी करायचा. एकदा समोरच्या खुर्चीत बसून त्यानं सगळं पुराण उघडलं. ऑफिस सुटलं की तो ठकूला घरी न्यायचा, जेवून झालं की खांद्यावर घेऊन टीव्ही बघायचा. म्हणाला, "बायको गेल्यावर अंगाला कुणी लागलं नव्हतं डॉक्टर. ही येऊन मानेशी बसते. गार असते, पण बरं वाटतं." सांगताना त्याचे डोळे भरले. मला हसू आवरेना. एवढा ट्रकवाला गडी आणि सापासाठी डोळे पुसतोय! रात्री जेवताना मी बायकोला त्याची नक्कल करून दाखवली, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून. ती हसली नाही, पण तिला कशाचंच हसू येत नाही.

पाचव्या दिवशी शिट्टी थांबली. बुडबुडे गेले, तोंड मिटलं. मी काय फुगलो म्हणून सांगू! दवाखान्यात येईल त्याला सांगत सुटलो. एका स्थानिक पेपरचा बातमीदार त्याचं मांजर घेऊन माझ्याकडे यायचा, त्यानं चार ओळी छापायचं कबूलही केलं. नाशिकमध्ये अजगराची छाती बरी करणारा दुसरा डॉक्टर असला तर दाखवा, असं मी त्याला म्हणालो होतो.

सहाव्या दिवशी बयाबाईनं पिशवी उघडली आणि ठकूला टेबलावर ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"डाक्टर, ही मऊ पडलीय. हातावर घेतली तर इळखा घालत नाय, नुसती लोंबती. आन् खालल्या अंगाला सूज लागती हाताला. लघवीला चुन्यावानी पांढरं टाकायची ना, ते बी चार दिस बंद हाय."

"औषधाचा थकवा आहे," मी म्हणालो. थकवा हा शब्द फार उपयोगी आहे. कुठंही लावा, चिकटतो. मी सहावी सुई टोचली, त्याच जागी.

त्या संध्याकाळी मी मुंबईला माझ्या एका वर्गमित्राला फोन लावला. तो तिथं पक्षी, साप, माकडं असलंच काहीबाही बघायचा, आणि वर्षानुवर्षं आम्ही गुरांचे डॉक्टर त्याची टिंगल करत आलो होतो. मी फोन केला तो सल्ला विचारायला नव्हे, मिरवायला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान की रे रंगनाथ," तो म्हणाला. "जेंटा दिलंस म्हणजे तीन-तीन दिवसांआड दिलं असशील. आणि पुढच्या अंगाला."

"अर्थात," मी म्हणालो.

"नाही, विचारलं एवढ्यासाठी की लोक फार चुकतात. सापाच्या शेपटीकडचं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं. तिथं टोचलं तर ते औषध सगळं मूत्रपिंडावर पडतं. त्यात रोज दिलं तर संपलंच. छाती सुधारलेली दिसते आणि जनावर आतून मरतं."

"ते माहितीय मला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

अजून हातात काहीतरी होतं. मूत्रपिंडं धुऊन निघावीत म्हणून कातडीखाली सलाइन देता आलं असतं, पुढच्या अंगाला, रोज थोडं थोडं. वाचलीही असती कदाचित. पण पुढच्या अंगाला म्हणजे तोंडाजवळ. शिवाय सातव्या दिवशी अचानक जागा आणि औषध दोन्ही बदललं तर ती म्हातारी विचारणार, का? ती विचारायला घाबरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की औषधानं उतार चांगला पडलाय, सातव्या सुईची गरज नाही, आता घरी रोज कोमट पाण्यात बसवा. ती एवढी हरखली की संध्याकाळी परत आली आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवून गेली. लाडू चांगले होते. मी खाल्ले.

ठकू त्यानंतर चौथ्या दिवशी मेली.

खंडेराव तिला नव्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. बयाबाई दाराशीच उभी राहिली, आत आली नाही. "शिट्टी तर थांबली होती ना डॉक्टर? मग काय झालं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, ठेवून जा, उघडून बघतो, उद्या सांगतो.

त्या दुपारी दवाखाना बंद करून मी तिला उघडलं. मेलेल्या सापाची मला भीती वाटत नाही. फुप्फुस जवळजवळ स्वच्छ होतं, पातळ, गुलाबी, एका कोपऱ्यात थोडा जुना चिकटा. धुराचा कुठं मागमूस नव्हता. मूत्रपिंडं मात्र दुपटीनं सुजली होती आणि त्यांच्यात चुना भरल्यासारखे पांढरे खडे झाले होते. हृदयाच्या आवरणावरही तोच चुना बसला होता. शेपटीकडे सहा टोचण्यांचे सहा काळेनिळे डाग, एकमेकांना खेटून. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. एसीवाल्याला हसलो, ओवावालीला हसलो, आणि जनावर मारलं मी. तेही अज्ञानानं मारलं असतं तर एक वेळ समजू. मी मारलं ते भित्रेपणानं, आणि मारून झाल्यावरही मला पहिली आठवण आली ती पेपरमधल्या चार ओळींची.

खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. अगदी शब्दही जुळवले होते: खंडेराव, माझा डोस चुकला. पाच शब्दही नाहीत ते.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. खंडेराव खुर्चीत बसला, बयाबाई त्याच्या मागं उभी. बाहेर बाकावर पाच-सहा लोक होते आणि दार उघडं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"फुप्फुस," मी म्हणालो. "वरून सुधारल्यासारखं दिसत होतं, पण आत धूर बसला होता. एकच फुप्फुस असतं सापाला. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

हे इतकं सहज जमलं की माझं मलाच नवल वाटलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला फार कसब लागत नाही, समोर वांगं गरीब असलं म्हणजे झालं.

खंडेरावनं मागं वळून बहिणीकडे बघितलं. त्यानं शिवी दिली नाही, ओरडला नाही. "माझं एकच जनावर होतं, बया," एवढंच म्हणाला आणि उठून चालता झाला. ती त्याच्या मागं गेली. जाताना तिनं टॉवेल घडी करून बरोबर घेतला.

यानंतर आठवडा गेला असेल. सकाळी दहाला दवाखाना उघडला तर बयाबाई पायरीवर बसलेली. शेजारी एक गाठोडं आणि पत्र्याची छोटी पेटी. मी तिला आत घेतलं. माझ्या मागोमाग दोन गिऱ्हाइकंही आत आली आणि बाकावर बसली.

"बाराच्या गाडीनं कळवणला चालले," ती म्हणाली.

"पाहुण्यांकडे?"

"कायमची. दीर तर कवाच गेला, पुतणे हायेत. त्यांना बी मी नकोच हाय, पर पडवीत पथारी टाकू देतील." तिनं पदरानं तोंड पुसलं. "खंडू सात दिस माझ्याशी बोलला नाय. माझ्या हातचं जेवत नाय, बाहेरून डबा आनतो. काल म्हनला, तू गेलीस तर बरं. मंग ऱ्हाऊन काय करू?"

मी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"डाक्टर, येक इचारायला आले. म्या सहा वरीस त्याचं घर केलं, कदी त्याचं वाईट चिंतलं नाय. धुरी दोनच दिस दिली, तुमी नाय म्हनल्यावर शिवली बी नाय. तेवढ्यानंच मेली का वं ती? तुमी सायब मानूस, तुमाला ठावं. नसंल तसं तर त्याला येक फोन करा. तो तुमचा शब्द मानतो. तुमी म्हनले ना की बयाची चूक नाय, तर तो आत्ता गाडीवर येऊन मला घेऊन जाईल. आन् माझ्याच हातनं झालं असंल तर तसं सांगा. मंग मी गप जाते."

फोन टेबलावरच होता, माझ्या उजव्या हाताला. खंडेरावचा नंबर समोरच्या केसपेपरवर लिहिलेला. बाकावरचे दोघं आमच्याकडेच बघत होते. त्यांतला एक मला नंतर विचारणार होता की अजगराचं काय झालं, आणि त्याला काय सांगायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

मी उठलो, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेलो आणि आयुष्यात कुणाशी बोललो नसेन इतक्या मायेनं बोललो.

"आजी, झालं ते झालं. तुम्ही काय मुद्दाम केलंत? जीव लावला म्हणूनच केलंत ना. मनाला लावून घेऊ नका. माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीएक राग नाही."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आठवडाभरात तिच्याशी धड बोललेला मी पहिलाच माणूस असणार. "देवमानूस हायेत तुमी," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकत टेकत वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागं घेतले नाहीत.